सर्व्हरशी घासाघीस

आमच्या सांगलीच्या सोसायटीत माझ्याबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे. मी जयपूरला जवाहिऱ्यांकडे कामाला होते, म्हणजे मला खडे कळत असणार, असं सगळ्यांना वाटतं. लग्नसराईत कुणी ना कुणी बोटातली अंगठी काढून माझ्या तळहातावर ठेवतं आणि विचारतं, "बघा बरं वहिनी, खरा आहे का?" मी अंगठी उजेडात धरते, एक डोळा मिटते, "हं" म्हणते आणि परत देते. खरं सांगायचं तर लाखो पाचू आणि माणकं मी जगभरच्या लोकांना शोधून दिली, पण त्यातलं एकही मला ओळखता येत नाही. उद्या कुणी हिरव्या बाटलीची काच नीट घासून आणली, तर तिलाही मी "हं"च म्हणेन.

माझं काम खड्यांचं नव्हतं, खड्यांबद्दलच्या प्रश्नांचं होतं. ते प्रश्न कॉम्प्युटरला लवकर कळावेत आणि उत्तर चटकन मिळावं, एवढ्यासाठी मला पगार मिळत असे. ऐकायला हे फार कोरडं वाटतं, हे मला ठाऊक आहे. माझ्या सख्ख्या नणंदेने एकदा हे सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे टायपिंगच ना?"

तर आधी मी तिथे पोचले कशी ते सांगते. माझे यजमान श्रीकांत विमा कंपनीत अधिकारी. दर तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली. त्यांच्या पाठोपाठ माझी नोकरीही बदलायची, फरक एवढाच, की त्यांना नव्या गावात तयार खुर्ची मिळायची आणि मला वर्तमानपत्रातल्या जाहिराती. नागपूरला एक चांगली नोकरी सोडली, भोपाळला दुसरी सोडली. दोन्हीकडे निरोपसमारंभ झाला, सामोसे झाले, ‘मॅडमची उणीव भासेल’ अशी भाषणं झाली आणि दोन्हीकडून भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ती दोन्ही घड्याळं आमच्या जयपूरच्या भाड्याच्या घरात समोरासमोर टांगली होती. एक थोडं पुढे होतं, एक थोडं मागे. मला त्यांचा मनापासून राग यायचा.

त्यामुळे जयपूरला माथुरजींनी मुलाखतीत "छोड़कर तो नहीं जाएँगी?" असं विचारलं, तेव्हा मी "नाही" म्हटलं आणि खिडकीबाहेर बघू लागले.

माथुरजी म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. कंपनी मुरलीपुऱ्यात, एका कारखान्याच्या माडीवर. खाली लोखंडी कपाटं बनत, वर आम्ही सॉफ्टवेअर बनवत असू, आणि दिवसभर खालच्या हातोड्यांच्या तालावर आमचे कीबोर्ड चालत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या आम्ही दोघी होतो, मी आणि नेहा. नेहाचे वडील बँकेतल्या नोकरीसाठी पुण्याहून आले आणि जयपूरच्या राजा पार्क वस्तीत घर घेऊन तिथलेच झाले. नेहाचा जन्म तिथला. तिचं मराठी मोठं गोड होतं. "ताई, मतलब, सर्व्हर परत झोपली," असं ती म्हणायची. सर्व्हरला स्त्रीलिंगी करून टाकल्यामुळे त्याच्यावर रागावणं मला नेहमी जड जायचं.

आणि आमचं गिऱ्हाईक एकच, भंवरलालजी. पिढीजात जव्हेरी. पांढरी गादी, पांढरं धोतर, कानाच्या पाळीत बारीकसा हिरवा खडा. वय सत्तरीच्या पुढे, पण डोकं पुढच्या शतकातलं. बाजारातल्या बऱ्याच व्यापाऱ्यांना त्यांनी पटवलं होतं, की आपापला माल एका ठिकाणी कॉम्प्युटरवर नोंदवू या, म्हणजे परदेशातल्या दागिनेवाल्यांना त्यांच्या वेबसाइटवर बसल्या जागी तो दिसेल. आम्ही ती सोय केली होती. दुसऱ्याच्या वेबसाइटने आपल्या कॉम्प्युटरला प्रश्न कसा विचारायचा आणि उत्तर कसं न्यायचं, याची एक ठरलेली रीत असते. तिला आमच्या धंद्यात एपीआय म्हणतात. दुकानाच्या मागच्या बाजूला घाऊक गिऱ्हाइकांसाठी खिडकी असते ना, तशी ही खिडकी. तिथे कुणी येऊन म्हणायचं, ‘पाचू हवा, अंडाकृती, अमुक ते तमुक कॅरेट, चिरा लपवायला तेल न लावलेला, एवढ्या किमतीच्या आत.’ आमचा प्रोग्रॅम सगळा माल चाळायचा आणि जमेल तेवढा पुढे करायचा.

खिडकी झकास होती. फक्त तिच्यातून उत्तर यायला इतका वेळ लागे, की पलीकडचा माणूस कॉफी करून यायचा आणि तरी पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चक्रच दिसायचं. बहुतेक लोक कॉफी करायला गेले की परत यायचेच नाहीत.

भंवरलालजींनी माथुरजींना बोलावून अगदी शांतपणे सांगितलं, "दिवाली तक देखूँगा. फिर यह दुकान समेट लेंगे."

माथुरजींनी ते आम्हाला सांगितलं तेव्हा खालचा हातोडा नेमका थांबला होता, त्यामुळे प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू आला. एकुलतं एक गिऱ्हाईक गेलं की कंपनी गेली. नेहाला दुसरी नोकरी मिळाली असती, ती तरुण होती. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तिसरं घड्याळ आलं. या खेपेला श्रीकांतची बदलीही नव्हती. तरीही नोकरी हातची जाणार, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा जाहिरातींवर लाल पेनाने गोल करत बसावं लागणार. त्या दिवशी घरी जाऊन मी दोन्ही घड्याळांचे सेल काढून ठेवले.

आता वेळ का लागत होता ते सांगते. घाबरू नका, यात गणित नाही.

आमच्या व्यापाऱ्यांच्या अटी विचित्र होत्या. एकाचा माल सुरतेच्या अमक्याला दाखवायचा नाही. दुसऱ्याची किंमत गिऱ्हाईक पाहून बदलायची. तिसरा अमावास्येला माणिक विकत नसे. हे सगळं साध्या डेटाबेसच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून आम्ही स्वतःचा चाळणी-प्रोग्रॅम लिहिला होता. तो प्रत्येक खडा उचलायचा आणि गिऱ्हाइकाची मागणी पहिल्या शब्दापासून वाचायचा. ‘पाचू हवा असं लिहिलंय. हा पाचू आहे का? आहे. पुढे काय लिहिलंय? अंडाकृती. हा आहे का?’ मग दुसरा खडा उचलायचा आणि तीच मागणी पुन्हा पहिल्यापासून वाचायचा. पोळ्या करायला बसावं आणि प्रत्येक पोळीला पाककृतीचं पुस्तक उघडून ‘प्रथम कणीक घ्यावी’ इथून सुरुवात करावी, तसा प्रकार. लाखभर पोळ्या असल्या तर जेवायला कोण थांबेल?

यावर इलाज असतो. पुस्तक एकदाच वाचायचं, कृती हातात भिनवायची आणि मग न बघता पोळ्या लाटत सुटायचं. कॉम्प्युटरच्या भाषेत, मागणी आली की त्या मागणीपुरता एक छोटा नवा प्रोग्रॅम तिथल्या तिथे तयार करायचा. त्या प्रोग्रॅमला दुसरं काहीच येत नाही, फक्त ही एक मागणी येते, पण ती तो विजेच्या वेगाने करतो. याला ऐनवेळचं कंपायलेशन म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून आम्ही त्याला ‘जिट’ म्हणायचो. प्रोग्रॅमने प्रोग्रॅम लिहायचा, ही कल्पनाच मला फार आवडली होती. स्वयंपाकीण ठेवायची, आणि तिने आल्या आल्या पाहुण्याला पाहून आणखी एक स्वयंपाकीण घडवायची!

नेहाने आणि मी ते काम अक्षरशः नाचत केलं. आयुष्यात असे आठवडे फार थोडे येतात. सकाळी ऑफिसला जायची घाई व्हायची, जेवणाचा डबा उघडायचं भान राहायचं नाही, आणि श्रीकांत विचारायचे, "जेवताना टेबलावर काय लिहितेस?" मी टेबलावर बोटाने आकृत्या काढत असे. केलेला प्रोग्रॅम फेकून द्यायचा नाही, जपून ठेवायचा, म्हणजे तीच मागणी पुन्हा आली की तो तयारच, असंही आम्ही केलं. शेवटी चाचणी घेतली. माथुरजींना घेऊन आम्ही तिघांनी नमुन्याच्या मागण्या लिहिल्या, त्या पुन्हा पुन्हा सर्व्हरवर सोडल्या, आणि बटण दाबायच्या आत उत्तर. नेहाने टाळ्या वाजवल्या. माथुरजींनी विचारलं, "सच में ढूँढ़ा ना?" राजा पार्कातून छोले-कुलचे आले. मी घरी जाऊन घड्याळांत सेल घातले.

दुसऱ्या दिवसापासून खरी गिऱ्हाइकं सोडली आणि दुपारच्या आत सर्व्हर बसला.

बसला म्हणजे अगदी फतकल मारून. सकाळी पळायचा, बाजार तापला की धापा टाकायचा आणि मग हू की चू नाही. आम्ही तो बंद करून चालू करायचो, की पुन्हा तरतरीत. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पूर्वी निदान सावकाश का होईना, उत्तर यायचं. आता परदेशातून निरोप येऊ लागले, की तुमची खिडकी बंद दिसते.

आम्ही सगळीकडे शोधलं. माझा संशय खड्यांच्या यादीवर होता, नेहाचा नेटवर्कवर. माथुरजींचा संशय खालच्या वेल्डिंगवर. त्यांनी आधी नवा स्टॅबिलायझर आणला, आणि त्यानेही भागलं नाही तेव्हा सर्व्हरच्या कपाटाला लिंबू-मिरची बांधली. नेहा म्हणाली, "ताई, आपण इतकी चांगली बनवली, तिला नजरच लागली असेल." मी हसले, पण माझं धाबं दणाणलं होतं. दिवाळी पुढच्या आठवड्यावर आली होती.

अशा वेळी भंवरलालजी स्वतः आले.

ते कधीच मुरलीपुऱ्यात येत नसत. जिना चढताना त्यांच्या काठीचा आवाज आला तेव्हा माथुरजी टाय शोधू लागले, जो त्यांच्याकडे नव्हताच. सर्व्हर नुकताच परत चालू केला होता आणि बाहेरच्या वेबसाइट अजून जोडल्या नव्हत्या. भंवरलालजींनी चहा नाकारला. म्हणाले, "पहले आपकी मशीन देखेंगे. मैं ग्राहक हूँ, आप भूल जाइए कि मैं कौन हूँ." आणि माझ्या खुर्चीवर बसून त्यांनी एका बोटाने मागणी टाइप केली. पाचू, अंडाकृती, वगैरे वगैरे. किमतीची वेळ आली तसे ते थांबले. त्यांनी खिशातून पांढरा स्वच्छ रुमाल काढला, झटकला आणि कीबोर्डवर पसरला. मग रुमालाखाली हात घातला.

वाचकांना हे सांगायला हवं. जयपूरच्या जुन्या बाजारात खड्यांचा सौदा बोलून होत नसे. घेणारा आणि देणारा रुमालाखाली एकमेकांचा हात धरायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचे. शेजारी बसलेल्याला कळता कामा नये, की किती मागितले आणि किती देऊ केले. तोंडाने दोघंही हवापाण्यावर बोलत असायचे. भंवरलालजींचं सगळं आयुष्य असं रुमालाखाली गेलेलं. तेव्हा भाव टाइप करायचा म्हणजे रुमाल आलाच.

आता गंमत अशी, की कीबोर्ड झाकला तरी आकडा समोर पडद्यावर ठळक अक्षरांत उमटत होता. नेहाने ओढणी तोंडावर धरली. ते सांगायची हिंमत कुणालाच झाली नाही. भंवरलालजींनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आप लोग ज़रा उधर देखिए."

आम्ही आज्ञाधारकपणे तोंडं फिरवली. माझं तोंड फिरलं ते नेहाच्या टेबलावरच्या दुसऱ्या पडद्याकडे. तिथे सर्व्हरची रोजनिशी धावत असे. जिटने नवा प्रोग्रॅम घडवला की तिथे एक ओळ उमटायची. बाजाराच्या वेळी त्या ओळी इतक्या भराभरा सरकत, की त्यांच्याकडे बघण्यात अर्थ नसे. पण आत्ता एकच गिऱ्हाईक होतं. मागे ‘टक्’ झालं, एन्टर दाबल्याचं. पडद्यावर एक ओळ आली. भंवरलालजी पुटपुटले, "माल नहीं है." पुन्हा टक्. पुन्हा एक ओळ. पुन्हा टक्. पुन्हा ओळ.

मी मागे न बघता विचारलं, "भंवरलालजी, आप हर बार कुछ नया माँग रहे हैं?"

"वही माँग रहा हूँ. बस भाव थोड़ा-थोड़ा बढ़ा रहा हूँ."

"एक ही बार में ऊपर का भाव क्यों नहीं लिख देते?"

मागची टक् टक् थांबली. मग लहान मुलीला समजवावं तसे ते म्हणाले, "बेटा, पहले ही बता दें कि जेब में कितना है, तो सामने वाला उतना ही माँगेगा. नीचे से चढ़ते हैं."

"लेकिन सामने मशीन है."

"मशीन किसकी है? बेचने वाले की ही है ना?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सगळा बाजार हेच करत होता! जयपूरचा दलाल, त्याचा सुरतेतला भाऊ, त्याचा बँकॉकमधला मेहुणा, सगळे खालून चढत होते. एका पाचूसाठी तीच मागणी, भाव मात्र दर वेळी जरासा वर. आणि आमचा शहाणा जिट भावाचा आकडासुद्धा प्रोग्रॅमच्या पोटात शिवून टाकत होता. त्यामुळे आकडा बदलला की त्याच्या लेखी मागणीच नवी. नवी मागणी, म्हणून नवी स्वयंपाकीण. जुनीलाही घालवायचं नाही, कारण आम्हीच जपून ठेवायला सांगितलेलं. दुपारपर्यंत स्वयंपाकघरात उभं राहायला जागा नसायची, मग पोळ्या कोण लाटणार? प्रोग्रॅम ठेवायची मेमरी संपली, की सर्व्हर बसत होता.

आणि चाचणीत हे दिसलं का नाही? कारण चाचणीच्या मागण्या आम्ही लिहिल्या होत्या. मी सांगलीची. आम्ही भाव विचारतो, परवडलं तर घेतो, नाही तर पुढच्या दुकानात जातो. माथुरजी सरकारी नोकराचे चिरंजीव, त्यांनी उभ्या जन्मात घासाघीस केलेली नाही. राहिली नेहा. ती राजा पार्कात पंजाबी ड्रेसच्या दुकानदाराला रडवून येणारी मुलगी, पण ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसली की तीही एका शब्दाची व्हायची. जवाहिऱ्यांच्या बाजारासाठी केलेल्या वस्तूची चाचणी आम्ही तिघांनी एकदाही घासाघीस न करता घेतली होती. जयपुरात राहून!

मी उठले आणि भंवरलालजींना वाकून नमस्कार केला. ते गोंधळले, तरी आशीर्वाद देऊन मोकळे झाले. मी म्हटलं, "आपका रूमाल थोड़ी देर यहीं रहने दीजिए."

"क्यों?"

"मशीन को सिखाना है."

उपाय सोपा होता. प्रोग्रॅम घडवताना त्यात भाव लिहायचाच नाही. तिथे रिकामी जागा ठेवायची आणि प्रत्यक्ष चालवताना आकडा बाहेरून हातात द्यायचा. मग भंवरलालजींनी शंभर वेळा भाव चढवला तरी प्रोग्रॅम एकच, फक्त हातातला आकडा बदलणार. रोजनिशीतही तो आकडा उमटू द्यायचा नाही, असंही आम्ही ठरवलं, कारण सौदा म्हणजे सौदा. नेहाने त्या भागाचं नाव ‘रुमाल’ ठेवलं. इंग्रजी प्रोग्रॅमच्या मधोमध, रोमन लिपीत, रुमाल. बहुतेकदा पहिल्याच खेपेला चालणारं काम माझ्या नशिबात नसतं, पण रुमाल पहिल्या खेपेला चालला. दुसऱ्या दिवशी बाजार तापला, दुपार झाली, दुपार टळली. सर्व्हर पळतच होता. माथुरजी दर थोड्या वेळाने कपाटाशी जाऊन कान लावून येत होते. संध्याकाळी त्यांनी लिंबू-मिरची सोडवली, आणि मग विचार करून पुन्हा बांधली.

धनत्रयोदशीला भंवरलालजींचा माणूस मिठाईचे डबे घेऊन आला. निरोप एवढाच होता, "दुकान चालू रहेगी."

मला वाटलं होतं, आता कुणाची तक्रार यायची नाही. दिवाळीनंतर लगेचच फोन आला. जयपूरजवळच्या चौमूं गावचे एक व्यापारी होते, नव्यानेच जोडले गेलेले. फार नाराज. म्हणाले, "मैडम, आपकी मशीन धोखा देती है. मैंने बटन दबाया और उसने फट से बोल दिया, माल नहीं है. इतनी जल्दी? उसने देखा ही नहीं!"

मी त्यांना जिट समजावायचा प्रयत्न केला. पोळ्यांपर्यंत आले. ते म्हणाले, "मेरा मुनीम भी देखने के लिए तिजोरी तक तो उठकर जाता है."

त्यांच्यासारखे आणखी काही निघाले. आठवड्यामागून आठवडे घाम गाळून आम्ही वेग मिळवला होता आणि लोकांचा वेगावर विश्वासच नव्हता. शेवटी भंवरलालजींना विचारलं. ते म्हणाले, "एक साँस रुककर जवाब दो. इज़्ज़त रहती है." मग आम्ही बाजारातल्या लोकांच्या पडद्यावर ‘माल देखा जा रहा है’ अशी पाटी घातली. उत्तर तयार असायचं, पण पाटी एक श्वासभर थांबायची. चौमूंच्या व्यापाऱ्यांचा मुद्दाम फोन आला, की आता मशीन मन लावून काम करते. माझ्या कारकिर्दीतली सर्वांत लोकप्रिय सुधारणा ती पाटी, हे कबूल करताना मला अजून थोडं लागतं.

पुढचा सगळा काळ सुखाचा गेला. आणि मग, व्हायचं ते झालंच. श्रीकांत एका संध्याकाळी पेढे घेऊन आले. बढती होती. इंदूरला.

पेढा तोंडात ठेवून मी ‘अभिनंदन’ म्हटलं आणि आत जाऊन रडले. श्रीकांत दारात उभे राहिले. म्हणाले, "मी नको म्हणून कळवतो." त्यांना ती बढती किती हवी होती ते मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "नको. दोघांपैकी एकाची तरी होऊ दे." हे बोलताना मला त्यांचा राग आला, स्वतःचा आला, आणि सगळ्यांत जास्त भिंतीवरच्या त्या दोन घड्याळांचा आला.

दुसऱ्या दिवशी मी माथुरजींना सांगितलं. त्यांनी मुलाखतीतल्या प्रश्नाची आठवण करून दिली नाही, एवढे ते सभ्य होते. फक्त चष्मा पुसत बसले. नेहा माझ्याशी बोलेचना. निरोपसमारंभाच्या तयारीची कुजबुज मात्र ऐकू येऊ लागली. माथुरजींनी नेहाला हळूच विचारलेलं मी ऐकलं, "मैडम के घर में दीवार-घड़ी है क्या?"

नेमके त्या आठवड्यात भंवरलालजी दुसऱ्यांदा जिना चढून आले. या खेपेला चहा घेतला. हवापाण्याच्या गप्पा मारल्या. इंदूरची हवा चांगली, म्हणाले. इंदूरला पोहे चांगले मिळतात, म्हणाले. आणि बोलता बोलता त्यांनी खिशातून रुमाल काढला, झटकला, माझ्या कीबोर्डवर पसरला आणि कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला.

"बोलिए," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी थांबण्याचा भाव ते विचारत होते. आयुष्यात मला कुणी हे विचारलं नव्हतं. नागपूरला नाही, भोपाळला नाही. दोन्हीकडे मी जाते म्हटलं आणि त्यांनी सामोसे मागवले.

भंवरलालजींनी स्वतःच तोंड खिडकीकडे फिरवलं. माथुरजींनी फिरवलं. नेहानेही फिरवलं, पण ती पडद्यावर आडव्या नजरेने बघत होती. मी रुमालाखाली हात घातले. मला खालून चढायला हवं होतं, एवढं तरी इतक्या वर्षांत शिकायला हवं होतं. पण मी पडले सांगलीची. मी एकदम माझा शेवटचा भावच लिहून टाकला. त्यात आकडा नव्हता. ‘काम हेच करीन, पण इंदूरच्या घरून करीन,’ एवढंच होतं. त्या काळी घरून काम करणं म्हणजे कुणालाही आजारपण वाटायचं. इंदूरच्या घरात टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट मिळेल की नाही, हेही मला माहीत नव्हतं.

भंवरलालजी वळले. त्यांनी पडद्यावर वाचलं. म्हणजे आकडा पडद्यावर दिसतो हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! माथुरजींकडे पाहून त्यांनी मान हलवली. माथुरजींनी त्यांच्याकडे पाहून हलवली. मग भंवरलालजी उत्तर द्यायच्या आधी एक श्वास थांबले, इज्जतीसाठी.

"सौदा पक्का," ते म्हणाले. रुमाल त्यांनी परत नेला नाही.

इंदूरनंतर श्रीकांतची रायपूरला बदली झाली, मग नाशिकला. दर वेळी आधी माझ्या टेबलाची जागा ठरायची आणि मग पलंगाची. निवृत्त होईपर्यंत मी मुरलीपुऱ्याच्याच नोकरीत होते. भंवरलालजी आता नाहीत, त्यांना शेवटचं भेटायचं राहून गेलं, याचं वाईट वाटतं. बाजारातही आता रुमाल फारसे दिसत नाहीत, असं नेहा सांगते. कंपनी आता तीच चालवते. परवा तिचा फोन आला होता. नव्याने आलेल्या मुलांनी सगळा जुना प्रोग्रॅम काढून नवा लिहिला म्हणे, फक्त रुमालाला हात लावायला कुणी तयार नाही.

सांगलीच्या घरी पाहुणे आले की समोरासमोरची घड्याळं बघून विचारतात, एका खोलीत दोन कशाला? मी सांगते, तिसरं मिळणार होतं, पण भाव जमला.